शेळीला सलाईन लावली अन् रक्तच उतरलं! पीपीआरमध्ये रक्ताचा रिपोर्ट वाचायचा तरी कसा?

गोठेकरी

मंडळी, डोकं चक्रावलंय म्हणून धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

३४ शेळ्यांचा कळप आहे. मागे दोन पाटी (न व्यालेल्या तरुण शेळ्या) विकत आणल्या आणि आणल्या त्या सरळ कळपात सोडल्या. (माहीत आहे. शिव्या शेवटी घाला.) सहाव्या दिवशी त्यातली एक मलूल झाली, नाक गळायला लागलं, ताप १०६. दोन दिवसांनी हिरड्यांवर ओला कोंडा चिकटवल्यासारखं दिसायला लागलं आणि तोंडाला असा वास की जवळ बसवेना. मग हगवण. तिच्यामागून सात जणी पडल्या, दोन करडं गेली. डॉक्टरांनी बघताक्षणी पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा विषाणूचा साथरोग) म्हटलं, नाकातला नमुना पाठवला, तो पीसीआरला पॉझिटिव्ह आला.

आता मुद्दा. ढवळी माझी तिसऱ्या वेताची शेळी. तापाच्या तिसऱ्या दिवशी तिचं रक्त काढलं. घाई होती म्हणून मी एक नळी माणसांच्या लॅबमध्ये टाकली. तिथला रिपोर्ट: हिमोग्लोबिन १२.१, हेमॅटोक्रिट (जनावरांच्या लॅबमध्ये यालाच पीसीव्ही म्हणतात) ९, तांबड्या पेशी २१ लाख, प्लेटलेट मशीनच्या आवाक्याबाहेर. तिथल्या पोरानं विचारलं, "काका, पेशंट जिवंत आहे ना?"

त्याच दिवसाची दुसरी नळी डॉक्टरांनी जनावरांच्या प्रयोगशाळेत दिली. तिथून पुढचे सगळे रिपोर्ट असे:

तिसरा दिवस: हिमोग्लोबिन १२.१, पीसीव्ही ३६, पांढऱ्या पेशी ३,१००, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींतला एक प्रकार) २२ टक्के, प्रथिनं ८.४
पाचवा दिवस (दोन दिवस सलाईन झाल्यावर): हिमोग्लोबिन ८.९, पीसीव्ही २७, प्रथिनं ६.४
बारावा दिवस: हिमोग्लोबिन ७.२, पीसीव्ही २१, पांढऱ्या पेशी १६,२००, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतलाच दुसरा प्रकार) ७८ टक्के, लिम्फोसाइट १७ टक्के, प्रथिनं ५.३

सलाईनच्या आधी शेळीचं रक्त चांगलं होतं, नंतर उतरलं, हे तर कागदावरच दिसतंय. डॉक्टरांना तसं म्हणालो तर ते नुसते हसले, मला ते लागलं. आणि लिम्फोसाइट २२ वरून १७ वर आले म्हणजे आजार वाढतोय का? फमाचा कार्ड (पापणीच्या आतला रंग जुळवून रक्त कमी आहे का ते बघायचं कार्ड) लावून डोळा बघितला तर चांगला लालबुंद, एक नंबर! काय खरं मानू?

भरारी

करडांचं वाईट वाटलं दादा. आयर्नचं इंजेक्शन देऊन टाका, आठ दिवसांत रक्त भरतं. आमच्याकडे नेहमी देतात.

सूक्ष्मदर्शी

गोठेकरी, मी जनावरांच्या रक्ताच्या नळ्या हाताळूनच पोट भरतो, त्यामुळे माणसांच्या लॅबचं कोडं आधी सोडवतो.

शेळीची तांबडी पेशी म्हणजे मोहरीसमोर खसखस. माणसाच्या तांबड्या पेशीचं आकारमान ८० ते १०० फेम्टोलिटर, शेळीच्या पेशीचं १६ ते २५. माणसांसाठी लावलेलं मशीन आकार बघून पेशी ओळखतं, इतक्या बारक्या कणाला ते प्लेटलेट समजतं. म्हणजे ढवळीच्या तांबड्या पेशी प्लेटलेटच्या खात्यात जमा झाल्या. तिकडे आकडा फुगला आणि इकडे तांबड्या पेशी २१ लाखांवर आल्या. धडधाकट शेळीत त्या ८० लाख ते १ कोटी ८० लाख असतात. हेमॅटोक्रिट मशीन पेशींच्या संख्येवरून आणि आकारावरून काढतं, तेव्हा तोही चुकला.

हिमोग्लोबिन मात्र बरोबर आलं, कारण त्यासाठी पेशी फोडून रंग मोजतात. पेशी खसखशीएवढी होती की मोहरीएवढी, याच्याशी रंगाला देणंघेणं नाही.

साधा ताळा सांगतो, लक्षात ठेवा. हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण पीसीव्हीएवढी भरते. १२.१ गुणिले ३ म्हणजे ३६, जुळलं. १२ आणि ९ एका कागदावर दिसले की कागद बाजूला ठेवायचा.

आणखी एक. शेळीच्या पेशी बारीक असल्याने काचेच्या नळीत त्या लवकर दाबून बसत नाहीत. सेंट्रीफ्यूज नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागतो, नाहीतर पेशींमध्ये पाणी अडकून पीसीव्ही खोटाच जास्त दिसतो. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक जण ही चूक एकदा करतो. मीही केली होती.

शंकासूर

हे झालं माणसांच्या लॅबचं. पण जनावरांच्या लॅबमध्येही ३६ चं २७ झालंच की. दोन दिवसांत एक चतुर्थांश रक्त गेलं कुठे?

पशुवैद्य_जुना

कुठेही गेलं नाही. आधी ३६ होतं, हेच फसवं होतं.

गोठेकरी, तुमचे डॉक्टर हसले ते चुकलं, समजावून सांगायला हवं होतं. मी प्रयत्न करतो.

पीसीव्ही म्हणजे शंभर भाग रक्तात पेशी किती भाग, एवढंच. शेळी चार दिवस पाण्याला तोंड लावत नाही, कारण तोंड सोललंय. वरून पिचकारीसारखी हगते. रक्तातलं पाणी आटतं, पेशी तेवढ्याच राहतात, प्रमाण वाढतं. आमटी आटली म्हणून डाळ वाढत नाही. याचा पुरावा तुमच्याच रिपोर्टात आहे: त्या दिवशी प्रथिनं ८.४ होती. निरोगी शेळीत ती साधारण ६ ते ७.५ च्या घरात असतात. पीसीव्ही आणि प्रथिनं दोन्ही एकदम वर चढली की समजायचं, रक्त दाट झालंय. ते वाढलेलं नाही.

सलाईननं आटलेलं पाणी भरून काढलं आणि ढवळीचा खरा पीसीव्ही उघडा पडला, २७. शेळीत २२ ते ३८ हा नेहमीचा पल्ला, म्हणजे २७ काही वाईट नाही. सलाईन लावलं नसतं तर पीसीव्ही ४० दिसला असता आणि शेळी गेली असती.

बाराव्या दिवसाचा २१ मात्र खरा आहे. त्याकडे नंतर येतो, आता एक गाभण शेळी अडलीय.

रानातली

डॉक्टर येईपर्यंत मी बोलते. मला रिपोर्ट कळत नाहीत, शेळ्या कळतात. आमच्यात या रोगाला शेळ्यांची बुळकांडीच म्हणतात.

गोठेकरीभाऊ, तो डोळा लाल दिसतो ना, त्याच्यावर जाऊ नका. या रोगात डोळा येतो. पापणीच्या आत सूज, चिपडं, सकाळी पापण्या चिकटलेल्या. तो लाल रंग जळजळीचा आहे, रक्ताचा नाही. तुमचं कार्ड जंतांसाठी आहे, धड डोळ्यावर वापरायचं. डोळा आलेल्या शेळीला लावलं तर खोटंच बोलणार.

मी शेपटीखाली बघते. योनीच्या आतला रंग गुलाबी आहे की कागदासारखा पांढरा. या रोगात कधी तिथेही साल जातं, तेव्हा जिथे सोललेलं नाही तिथला रंग बघायचा.

आणि पाणी कमी झालंय का, ते मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की समजतं. लगेच बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर रिपोर्टाची वाट बघू नका.

सूक्ष्मदर्शी

रानातलीताई, डोळ्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते आमच्या अभ्यासक्रमात छापायला पाहिजे. फमाचा कार्ड दक्षिण आफ्रिकेत निघालं तेच मुळी रक्तपित्या जंतासाठी. डोळे आलेल्या जनावरावर त्याचा उपयोग नाही.

गोठेकरी

ताई, आत्ताच जाऊन बघून आलो. डोळा लाल, शेपटीखाली फिकट. थेट पांढरं नाही, पण इतर शेळ्यांशेजारी उभी केली की फरक दिसतो. कार्ड खिशातून काढून कपाटात ठेवलं.

शंकासूर

डॉक्टर यायचेत, तोवर पांढऱ्या पेशींचा प्रश्न टाकून ठेवतो. विषाणू शरीरात आला तर सैन्य वाढायला हवं. इथे ३,१००? शेळीत ४,००० ते १३,००० असायला पाहिजेत ना? मग शेवटी एकदम १६,२००. हे काय गौडबंगाल?

पशुवैद्य_जुना

आलो. दोन करडं झाली, आई ठीक.

शंकासूर, प्रश्न बरोबर जागी लागलाय. पीपीआरचा विषाणू सैन्याशी लढत बसत नाही, सैन्यावरच स्वार होतो. नाकातोंडातून शिरला की आधी टॉन्सिल आणि गळ्याजवळच्या लसिका ग्रंथींत वाढतो. पेशीत शिरायला त्याला दार लागतं, आणि त्याचं पहिलं दार म्हणजे लिम्फोसाइटसारख्या संरक्षक पेशींवरचा स्लॅम नावाचा रिसेप्टर. तिथे वाढून तो त्याच पेशींच्या पाठीवर बसून रक्तातून अंगभर फिरतो. मग दुसरं दार उघडतो, नेक्टिन-४, ते तोंडाच्या, आतड्याच्या, श्वासनलिकेच्या अस्तरावर असतं. हिरड्यांवरचा कोंडा, हगवण, खोकला हा सगळा दुसऱ्या दाराचा प्रताप. म्हणजे तुम्हाला तोंड आलेलं दिसतं तेव्हा रक्तातला धिंगाणा बराचसा होऊन गेलेला असतो.

या खेळात लिम्फोसाइट ढिगानं मरतात. प्लीहा, लसिका ग्रंथी, आतड्यातल्या लसिका गाठी सगळीकडे. मेलेल्या करडाचं शवविच्छेदन केलं तर आतड्यातल्या त्या गाठी कुजून गेलेल्या सापडतात, आणि मोठ्या आतड्याच्या शेवटाला, गुदाशयाजवळ, झेब्र्यासारखे लालकाळे पट्टे दिसतात. ते एकदा बघितलं की विसरत नाही.

आता ढवळीचं गणित करू. टक्केवारी सोडा, संख्या काढा. तिसरा दिवस: ३,१०० चे २२ टक्के म्हणजे ६८२ लिम्फोसाइट. शेळीत किमान २,००० तरी हवेत. बारावा दिवस: १६,२०० चे १७ टक्के म्हणजे २,७५४. टक्का घसरला, पण पेशी चौपट झाल्या! शेळी सुधारतेय आणि तुम्ही त्याच कागदाकडे बघून घाबरताय.

गोठेकरी

दोनदा गुणाकार केला. २,७५४. आठ रात्री मी त्या १७ च्या आकड्यापायी झोपलो नाही हो.

शंकासूर

मग १६,२०० ला आनंद मानायचा का?

पशुवैद्य_जुना

अर्धाच. लिम्फोसाइट परत येताहेत हा आनंदाचा भाग. पण ७८ टक्के न्यूट्रोफिल म्हणजे १२,००० च्या वर, हे जीवाणूंचं काम. विषाणूनं पहारेकरी मारले, मागून भुरटे शिरले. पाश्चुरेला आणि मॅनहायमिया एरवीही शेळीच्या घशात गप्प बसलेले असतात, अशा वेळी फुफ्फुसात उतरतात. पीपीआरनं मेली म्हणतात त्यातल्या कित्येक शेळ्या शेवटी न्यूमोनियानं जातात. विषाणूवर औषध नाही. आपण अँटिबायोटिक देतो ते या भुरट्यांसाठी.

म्हणून कुणी "पीपीआरमध्ये पांढऱ्या पेशी कमी होतात की वाढतात?" विचारलं तर मी आधी विचारतो, कितव्या दिवशी? सुरुवातीला कमी, जीवाणू शिरले की जास्त. मधल्या एखाद्या दिवशी तर दोन्हीची बेरीज होऊन आकडा अगदी नॉर्मल दिसतो आणि शेळी मात्र मरायला टेकलेली असते. तारखेशिवायचा आकडा माझ्या मते रद्दीच.

गोठेकरी, ढवळी खोकते का? श्वास मोजा. बसलेली असताना मिनिटाला किती वेळा कूस हलते?

गोठेकरी

खोकते. आत्ता मोजले, ४४.

पशुवैद्य_जुना

जास्त आहेत. आजच डॉक्टरांना सांगा, उद्यावर ढकलू नका. औषध कोणतं ते तेच ठरवतील, इथे मी लिहिणार नाही.

भरारी

माझ्या आयर्नच्या इंजेक्शनबद्दल कुणी बोललंच नाही.

पशुवैद्य_जुना

भरारी, टाळत नव्हतो. अंगात संसर्ग पेटलेला असताना शरीर लोह मुद्दाम कोठारात कोंडून ठेवतं, जीवाणूंना मिळू नये म्हणून. अशा वेळी रक्तात लोह कमी दिसतं, पण कोठार भरलेलं असतं. बाहेरून आणखी ओतून पेशी तयार होत नाहीत, झाला तर भुरट्यांचाच फायदा.

ढवळीचा पीसीव्ही २१ वर का आला, त्याची माझ्या मते तीन कारणं. एक हेच, पेशी बनवण्याचं काम मंदावलं. दोन, दहा दिवस पोटात धड काही नाही आणि आतड्यातून प्रथिनं गळताहेत, ५.३ हा आकडा तेच सांगतोय. तिसरं कारण लोक विसरतात. पहारेकरी मेले की पोटातले जुने पाहुणे माजतात, जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी). एरवी शेळी त्यांना दाबून असते. आधी लेंड्या तपासा, मग औषध.

रानातली

हे अगदी खरं. रोगातून उठलेली शेळी महिन्याभरानं जबड्याखाली पाण्याची पिशवी घेऊन येते, आणि लोक म्हणतात रोग उलटला. रोग उलटत नाही, जंत असतात.

सूक्ष्मदर्शी

प्लेटलेटबद्दल कुणी विचारलं नाही, पण सांगून टाकतो. पीपीआरमध्ये प्लेटलेट उतरतात, रक्त गोठायला वेळ लागतो अशा नोंदी आहेत. तरी एकट्या आकड्यावर विश्वास नको. रक्त काढायला वेळ लागला किंवा जांभळ्या टोपणाची नळी नीट हलवली नाही की प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीनला त्या दिसतच नाहीत. काच रंगवून डोळ्यांनी बघायची. नळी आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करायची, सरबतासारखी घुसळायची नाही. शेळीच्या तांबड्या पेशी नाजूक, घुसळल्या की फुटतात.

शंकासूर

सरळ प्रश्न: नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून पीपीआर ओळखता येतो?

सूक्ष्मदर्शी

नाही. निळ्या जिभेच्या रोगातही पांढऱ्या पेशी पडतात. मावा, देवी, लाळ्या खुरकूत यांत तोंड सोलतं. पक्कं करायचं तर डोळ्या-नाकाचा स्वॅब, किंवा ताप असताना काढलेल्या रक्तातला पांढऱ्या पेशींचा थर. विषाणू त्या पेशींतच बसलेला असतो, म्हणून तोच थर कामाचा. अँटिबॉडीची तपासणी लस दिलेल्या शेळीतही पॉझिटिव्ह येते, आत्ताच्या साथीबद्दल ती काही सांगत नाही.

(अवांतर: या विषाणूला कोंबडीच्या तांबड्या पेशी चिकटवून त्यांची जाळी करता येते. त्यावर एक जुनी स्वस्त चाचणीही आहे. बुळकांडीच्या विषाणूला हे जमत नव्हतं.)

शंकासूर

बुळकांडी म्हणजे गायीम्हशींची ना? ती तर गेली जगातून.

पशुवैद्य_जुना

२०११ मध्ये गेल्याचं जाहीर झालं. पीपीआर तिचाच भाऊबंद, आणि माणसाचा गोवर, कुत्र्याचा डिस्टेंपर हेही त्याच कुळातले. गोवर झालेल्या मुलाला पुढे बराच काळ बाकीचे आजार गाठतात, त्यामागचं कारणही हेच, आधी पहारेकरीच मारले जातात. पीपीआरचं वर्णन पहिल्यांदा १९४२ मध्ये आयव्हरी कोस्टमधून झालं. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत ओळखला गेला. पूर्वी कैक साथी बुळकांडी समजून नोंदल्या गेल्या असणार, असं माझं मत. आता २०३० पर्यंत जगातून हटवायचं उद्दिष्ट ठेवलंय. आणि हो, माणसाला हा रोग होत नाही. विचारणार होतात ना?

शंकासूर

विचारणारच होतो.

गोठेकरी

बाकी शेळ्या ठणठणीत आहेत. लस आत्ता टोचू का?

पशुवैद्य_जुना

तुमच्या डॉक्टरांच्या हातूनच, आणि त्या सकाळी प्रत्येकीचा ताप बघून. ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरलाय त्या लस टोचूनही आजारी पडतील, आणि नाव लसीवर जाईल. संसर्गानंतर लक्षणं यायला साधारण चार ते सहा दिवस लागतात. लस जिवंत पण सौम्य केलेल्या विषाणूची असते. तिनंही थोडे दिवस लिम्फोसाइट जरा उतरतात, पण शेळीची लढायची ताकद जात नाही. एकदा नीट लागली की किमान तीन वर्षं संरक्षण. चिकाबरोबर करडांना आईच्या अँटिबॉडी मिळतात, त्या लसीलाच मारतात, म्हणून करडू तीन-चार महिन्यांचं झाल्याशिवाय टोचू नये. आणि मिसळलेली लस उन्हात ठेवली तर टोचली काय, न टोचली काय.

रानातली

भाऊ, शिव्या शेवटी घाला म्हणाला होता. नवीन जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं. वेगळं म्हणजे वेगळं पाणी, चाऱ्याची वेगळी पाटी, आणि त्याच्याकडे शेवटी जायचं. झाली शिवी घालून.

गोठेकरी

मिळाली ताई, पावती दिली समजा.

गोठेकरी

महिनाभरानं धागा वर काढतोय.

त्याच दिवशी डॉक्टर येऊन गेले. फुफ्फुसं भरत होती, औषध बदललं. लेंड्या तपासल्या, जंताची अंडी भरपूर आणि कॉक्सिडियाही. दोन्हीचं औषध झालं. सातातल्या पाच उभ्या राहिल्या, दोघी गेल्या. एक गाभण होती ती गाभडली, पण वाचली. बाकीच्यांत लसीनंतर कुणी पडलं नाही.

ढवळीचा कालचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ८.६, पीसीव्ही २६, पांढऱ्या पेशी ९,४००, लिम्फोसाइट ५८ टक्के. गुणाकार केला, ५,४५२. प्रथिनं ६.३. प्रथिनं वर चढलेली नाहीत, म्हणजे हे २६ आटलेलं नाही. बरोबर ना?

पशुवैद्य_जुना

बरोबर. आता मला तुमच्या धाग्यावर यायचं काही काम उरलं नाही.

रानातली

शेपटीखाली बघितलं का?

गोठेकरी

रिपोर्टच्या आधी तेच बघितलं. गुलाबी.